देवळालीचा ताप

आमच्या लहानपणी घरात कोणी दुखण्यातून उठले, की वडीलधारी मंडळी म्हणत, "चार दिवस देवळालीला जाऊन या, हवा मानवेल." नाशिकशेजारच्या त्या कोरड्या हवेचा लौकिकच तसा. मुंबईची पारशी कुटुंबेही हवापालटासाठी तेथेच जात. पुढे एकदा इंग्रजी कोश चाळताना 'डूलॅली' हा शब्द भेटला. अर्थ दिला होता, 'डोके फिरलेला', आणि मूळ दिले होते देवळाली! मी थक्कच झालो. जेथे माणसे बरी व्हायला जात, त्या गावाने विलायतेला वेडाचा शब्द द्यावा?

त्याचे असे झाले. १८६१ साली देवळालीस इंग्रजांची लष्करी छावणी वसली. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत येथे थांबत. परंतु फौजेच्या बोटी साधारणपणे हिवाळ्याच्या हंगामातच सुटत. ज्याची मुदत वसंतात संपे, त्याने सारा उन्हाळा नि सारा पावसाळा तेथेच काढायचा! हाताला फारसे काम नाही आणि मन केव्हाच घरी पोचलेले. मग कोणी दारूच्या नादी लागे, कोणी मारामाऱ्या करून तुरुंग गाठी, कोणी भ्रमिष्टासारखा वागू लागे. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या शिपायाने १९३६ च्या 'ओल्ड सोल्जर साहिब' या पुस्तकात ही हकिगत सांगितली आहे.

अशा माणसाला सोबती म्हणत, "याला डूलॅली टॅप झाला." इंग्रजी कानाला हा 'टॅप' म्हणजे डोक्यावरची टिचकी वाटावी, वस्तुतः तो आपला घरचा ताप! पुढे ताप गळून पडला आणि नुसती 'डूलॅली' उरली.

प्रथम मला हा आपल्या गावाचा अपमान वाटला होता. आता वाटत नाही. दिवाळीला येणाऱ्या लेकाची गाडी चार तास उशिरा आली, तरी आपला जीव खालीवर होतो. तेथे तर महिनेच्या महिने वाट पाहायची! राज्य त्यांचे होते, हे खरे. पण घरची ओढ राजाला काय नि शिपायाला काय, सारखीच. दोष देवळालीच्या हवेचा नव्हता. तो ताप वाट पाहण्याचा होता.