सामन्याआधीची छनछन

जळगाव-धुळ्याकडे शालेय क्रीडास्पर्धेचं उद्घाटन म्हटलं की नारळ फुटतो, पाहुण्यांची भाषणं लांबतात आणि फक्की मारलेल्या मैदानावर लेझीम उतरते. ढोलावर टिपरू पडतं, सरांची शिट्टी वाजते आणि फेटे बांधलेल्या पोरींचे हात हुकुमासरशी चालू लागतात: चार आवाज, एक जागा, पवित्रा, आगे फलांग. घरी अहिराणी, वर्गात मराठी आणि मैदानावर हिंदी! कबड्डीचे संघ तोवर कडेला अंग मोकळं करत असतात.

खरं तर लेझीम हेच अंग कमावण्याचं साधन. इराणच्या जोरखान्यात, म्हणजे तिथल्या तालमीत, पहिलवान आजही ‘कबादे’ फिरवतात: लोखंडी धनुष्य, दोरीच्या जागी जड साखळी, तीत चकत्या. ते डोक्यावर धरून एकदा डावा हात ताठ करायचा, एकदा उजवा. तिरंदाजाचे खांदे घडवणारी ही मेहनत. ठेक्याला वर बसलेल्या मुर्शिदाचा, म्हणजे उस्तादाचा, जर्ब: एक ढोलच. आपल्या तालमींत शिरलेली लेझीम याच कुळातली. बंदुकीपुढे तिरंदाजी मागे पडली, तालीम चालू राहिली. चकत्यांचा खणखणाट हा त्या कष्टाचा जोडधंदा होता. पुढे तोच मुख्य धंदा झाला.

शाळेतली लेझीम हातात घेऊन पाहा. लाकडी दांडा, हलकी साखळी, पातळ पत्र्याच्या चकत्या. साखळीच्या मधोमध एक मूठ असते. माझ्या मते ती प्रत्यंचा ओढायची जागा. नेम गेला, ओढ तेवढी उरली.

हिंदी हुकुमांचा माग बडोद्याकडे जातो. तिथल्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रो. माणिकराव यांनी सांघिक कवायतीला इंग्रजीऐवजी हिंदी आज्ञा दिल्या. एकट्या पहिलवानाची मेहनत अशी रांगेत उभी राहिली. मेहनतीचा असा देखावा इतरत्रही झाला: अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठाचा बँड 1936 पासून फुटबॉलच्या मैदानावर चालत राज्याचं नाव ‘लिहितो’. त्याचंही मूळ लष्करी बँडच्या संचलनात. आपली लेझीम 1982 साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या उद्घाटनापर्यंत पोचली, सांगलीकडच्या पथकाच्या हातून.

हल्ली काही ठिकाणी ढोलाऐवजी मोबाइलवरचं गाणं स्पीकरला जोडतात. ते मला पटत नाही. मागच्या रांगेतली पोर चुकली तर ढोलवाला ठोका जरा ओढून धरतो. गाणं पुढे निघून जातं.