नव्या उद्योगांच्या करसवलती : मावळातील हिशेब

सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांत आणि फॉक्सकॉन यांच्या सेमीकंडक्टर प्रकल्पाने तळेगावऐवजी गुजरातची निवड केली आणि महाराष्ट्रात राजकीय गदारोळ उठला. १ लाख ५४ हजार कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा आकडा सर्वांच्या तोंडी होता. सत्ताधारी आणि विरोधक परस्परांना एकच प्रश्न विचारत होते : पुरेशा सवलती वेळेवर का दिल्या नाहीत? अशा सवलती मुळात द्याव्यात का, त्यांचा भार कोणावर पडतो आणि शेजारच्या जुन्या उद्योजकाने तो का सोसावा, हे प्रश्न त्या धुळवडीत मागे पडले. मावळ तालुक्यात मात्र हे प्रश्न नवे नाहीत.

मागास भागासाठी सुरू झालेली योजना

महाराष्ट्राची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासूनची आहे. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात कारखान्यांची दाटी होत होती आणि विदर्भ, मराठवाडा, कोकण हे प्रदेश कोरडे राहत होते. आडवळणाच्या गावी कारखाना काढणाऱ्याला रस्ते, वीज, कुशल कामगार या साऱ्यांची उणीव भासते. ती भरून काढण्यापुरती सूट त्याला द्यावी, असा सरळ विचार त्यामागे होता. तालुक्यांची अ, ब, क, ड आणि ड-अधिक अशी प्रतवारी झाली व मागासलेपण जितके अधिक तितकी सवलत अधिक, हे सूत्र ठरले. न्यायाच्या कसोटीवर योजनेचे हे रूप टिकणारे आहे.

पुढे राज्याराज्यांत विक्रीकर माफीची चढाओढ लागली. प्रत्येक राज्य शेजाऱ्यापेक्षा एक पाऊल पुढे जाऊ लागले आणि सर्वांच्याच तिजोऱ्या रित्या होऊ लागल्या. अखेर नोव्हेंबर १९९९ मध्ये राज्यांनी एकत्र बसून विक्रीकरावर आधारित सवलती १ जानेवारी २००० पासून बंद करण्याचे ठरविले. दार बंद झाले, पण खिडकी उघडी राहिली. कर माफ करण्याऐवजी तो आधी घ्यायचा आणि मग ‘औद्योगिक प्रोत्साहन अनुदान’ म्हणून परत करायचा, ही पद्धत रूढ झाली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यानंतरही ती टिकली. परताव्याचा आधार तेवढा बदलून राज्य जीएसटी झाला.

ही पद्धत कशी चालते हे ध्यानात घेण्याजोगे आहे. शंभर रुपयांच्या मालावर १८ टक्के जीएसटी असेल तर राज्यात झालेल्या विक्रीपैकी नऊ रुपये राज्याच्या वाट्याचे असतात. ते कंपनी देत नाही. ते ग्राहक देतो आणि कंपनी फक्त गोळा करून भरते. पात्र ठरलेल्या नव्या उद्योगाला ही रक्कम, गुंतवणुकीच्या प्रमाणात ठरलेल्या मर्यादेत, काही वर्षे परत मिळते. म्हणजे शाळा-दवाखान्यांसाठी म्हणून ग्राहकाने दिलेला पैसा भागधारकांच्या ताळेबंदात जातो. त्याच वस्तूचा जुना उत्पादक तेवढाच कर गोळा करतो आणि त्याला त्यातली एक कवडीही परत मिळत नाही.

मोठ्यांना वेगळी पंगत

योजनेचा मूळ हेतू खऱ्या अर्थाने ढळला तो विशाल प्रकल्पांच्या, म्हणजे ‘मेगा प्रोजेक्ट’च्या धोरणामुळे. प्रकल्प पुरेसा मोठा असेल तर त्याचे पॅकेज स्वतंत्रपणे ठरते. २०१३ च्या योजनेत विकसित, म्हणजे अ आणि ब गटांतील तालुक्यांसाठीही हा दरवाजा होता : ७५० कोटी रुपयांची गुंतवणूक किंवा १,५०० रोजगार. मागासलेपणाच्या जोडीला आकारमान हाही सवलतीचा निकष झाला. शिवाय परताव्याची मर्यादा स्थिर भांडवलावरून ठरत असल्याने अधिक यंत्रे बसविणारा अधिक लाभ घेतो. कमी यंत्रांवर अधिक माणसे राबविणारा लहान कारखानदार यात मागे पडणारच.

मावळ हा आडवळणाचा तालुका म्हणता येत नाही. मुंबई आणि पुणे यांच्या मधोमध तो आहे. लोहमार्ग जुना, द्रुतगती मार्ग २००२ पासून पूर्ण, चाकणचे सुटे भाग बनविणारे कारखाने हाकेच्या अंतरावर आणि न्हावाशेवा बंदर घाटाखाली. इथे येणाऱ्या उद्योगाची कोणती उणीव करदात्याने भरून काढायची, याचे समाधानकारक उत्तर अवघड आहे.

जनरल मोटर्सचा अनुभव याच तालुक्यातला. कंपनीने २००६ मध्ये राज्य सरकारशी करार केला आणि सप्टेंबर २००८ मध्ये तळेगाव औद्योगिक क्षेत्रातला कारखाना सुरू झाला. पुढे तिने गुजरातेतील हालोलचा कारखाना बंद करून सारे उत्पादन तळेगावात आणले. हालोलचे कामगार त्या वेळी ज्या जागी होते, त्याच जागी तळेगावचे कामगार काही वर्षांत आले. २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबली, निर्यात काही काळ चालली आणि डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन संपले. चौदाशेहून अधिक कामगारांचा प्रश्न न्यायालयांत आणि रस्त्यावर वर्षानुवर्षे रेंगाळला. गाजावाजाने आलेला उद्योग बारा वर्षांत जाऊ शकतो. त्याच्यासाठी घेतलेली शेतजमीन पुन्हा शेती होत नाही.

याच तळेगावात १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला होता. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा केला होता आणि लोकमान्य टिळकांचे त्याला पाठबळ होते. नव्या उद्योगाला जनतेच्या पैशाचे बळ ही कल्पना मावळाला परकी नाही. फरक इतकाच की त्या वेळी देणाऱ्याला आपण देत आहोत हे ठाऊक होते.

लोणावळ्याची दोन उदाहरणे

लोणावळ्यात कारखान्यांपेक्षा हॉटेले अधिक. २००६ च्या पर्यटन धोरणात पात्र नव्या प्रकल्पांना लक्झरी टॅक्स आणि करमणूक कर यांतून काही वर्षांची सूट देण्याची तरतूद होती. अशा तरतुदीमुळे होणारा पेच सहज समजण्यासारखा आहे. पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या निवासाचा मालक पाहुण्याच्या बिलात कर लावणार आणि नव्याने उभ्या राहिलेल्या रिसॉर्टला तो लावावा लागणार नाही. दोघांचा पाहुणा एकच, पाऊस एकच आणि भुशी धरणाकडे जाणारी कोंडीही एकच! २०१७ मध्ये हे दोन्ही कर जीएसटीत विलीन झाले.

दुसरे उदाहरण चिक्कीचे. जीएसटी आला तेव्हा चिक्कीवर १८ टक्के कर होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये गुवाहाटीच्या बैठकीत जीएसटी परिषदेने शेंगदाण्याची, तिळाची आणि कुरमुऱ्याची चिक्की ५ टक्क्यांवर आणली. हा लाभ जुन्या दुकानाला मिळाला तसाच काल भट्टी लावलेल्यालाही. त्यासाठी कोणाला मंत्रालयात खेपा घालाव्या लागल्या नाहीत, की गुंतवणुकीचा आकडा फुगवून सांगावा लागला नाही. सवलत द्यायचीच असेल तर ती कशी असावी, याचा याहून चांगला नमुना शोधूनही सापडणार नाही.

कायदा आणि युक्तिवाद

कायद्याने अशा सवलतींना हरकत नाही. नव्या उद्योगांना ठरावीक मुदतीपुरती विक्रीकर माफी देणे घटनेशी विसंगत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे. मोतीलाल पदमपत साखर कारखान्याच्या १९७८ च्या निकालात तर उत्तर प्रदेश सरकारला नव्या उद्योगास दिलेले माफीचे आश्वासन पाळावे लागले. वैध आणि न्याय्य यांत अंतर असू शकते, एवढेच.

समर्थकांचा मुद्दा असा : उद्योगच आला नसता तर करही आला नसता, मग परत केलेल्या कराचे नुकसान कसले? उद्योग केवळ सवलतीमुळे आला असेल तर हा युक्तिवाद बिनतोड आहे. पण तो रस्ता, बंदर आणि कुशल मनुष्यबळ पाहून येणारच असेल, तर परतावा ही निव्वळ देणगी ठरते. शिवाय नव्या कारखान्याची विक्री पुष्कळदा जुन्याची गिऱ्हाइके ओढून होते. तेवढा कर पूर्वीही येतच होता.

उरतो प्रश्न शेजारच्या राज्याचा. गुजरातने जुलै २०२२ मध्ये सेमीकंडक्टरसाठी स्वतंत्र धोरण आणले आणि केंद्राच्या मदतीवर आपलीही भर घातली. वेदांतचा प्रकल्प तिकडे गेला, पण जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. म्हणजे ज्या प्रकल्पासाठी दोन राज्ये एकमेकांवर बोली चढवीत होती, तो ठरल्या रूपात कुठेच उभा राहिला नाही.

सवलतींसोबत राज्याने काही अटीही घातल्या आहेत. लाभार्थी उद्योगाने एकूण नोकऱ्यांत ८० टक्के आणि पर्यवेक्षकीय पदांत ५० टक्के स्थानिक घ्यावेत, ही त्यांतली महत्त्वाची. मात्र ‘स्थानिक’ याचा अर्थ महाराष्ट्राचा रहिवासी. नवलाख उंबरे किंवा आंबीच्या जमीन दिलेल्या कुटुंबातला मुलगा नव्हे. ‘नवा उद्योग’ म्हणजे काय, हाही असाच प्रश्न. जनरल मोटर्सचा बंद कारखाना ह्युंदाईने ऑगस्ट २०२३ मध्ये करार करून घेतला आणि २०२५ मध्ये तेथून पुन्हा मोटारी बाहेर पडू लागल्या. जमीन तीच, शेडही बहुतांशी त्याच. मालक आणि गुंतवणूक नवी. अशा जागी नव्या-जुन्याची रेघ कुठे ओढायची, हे मंत्रालयातील फायलीवर ठरते. त्या फायलीतील पॅकेज, परतावा आणि प्रत्यक्ष रोजगार यांचे आकडे कारखान्याच्या दारावर पाटी लावून जाहीर करायला फारसा खर्च येणार नाही.