मदरबोर्ड बदलल्यावर लिनक्स सुरू होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी हे करून बघा

मदरबोर्ड बदलून कॉम्प्युटर घरी आणला, बटण दाबलं आणि काळ्या स्क्रीनवर 'नो बूटेबल डिव्हाइस' एवढंच दिसलं, की बऱ्याचदा एकच सल्ला मिळतो: "फॉरमॅट मारून नवीन टाकून घे." जरा थांबा. तुमचा कॉलेजचा प्रोजेक्ट, फोटो, कोड हे सगळं एसएसडी किंवा हार्ड डिस्कवर आहे आणि ती डिस्क तर बदललेलीच नाही. बहुतेक वेळा लिनक्स आत जसंच्या तसं असतं.

अपवाद लक्षात ठेवा: काही लॅपटॉपमध्ये स्टोरेजची चिप मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. तिथे बोर्डासोबत डेटाही जातो. दुरुस्तीला देतानाच हे विचारून घ्या आणि जुना बोर्ड परत मागा.

नेमकं काय बिघडतं?

आजकालच्या कॉम्प्युटरमध्ये यूईएफआय असतं (सवयीने आपण त्याला बायोसच म्हणतो). लिनक्स इन्स्टॉल होताना दोन गोष्टी होतात:

१. डिस्कवरच्या 'ईएसपी' नावाच्या छोट्या पार्टिशनमध्ये बूटलोडरची फाइल ठेवली जाते. हा बूटलोडर बहुधा ग्रब असतो.
२. ती फाइल कुठे आहे याची नोंद मदरबोर्डच्या एनव्हीरॅम या मेमरीत होते.

बोर्ड बदलला की ही दुसरी नोंद जाते. म्हणजे घर जागेवर आहे, फक्त पत्ता हरवलाय. ड्रायव्हरची फार काळजी नको, कारण लिनक्सचे बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात.

पायरी १: बायोस सेटिंग तपासा

कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबा (ब्रँडनुसार बटण बदलतं). सोबत विंडोजही असेल तर काही बदलण्याआधी बिटलॉकरची रिकव्हरी की हाताशी ठेवा.

- डिस्क दिसते का? नसेल तर केबल किंवा एम.२ एसएसडी नीट बसली आहे का ते पाहा.
- स्टोरेज मोड: 'रेड' किंवा 'इंटेल आरएसटी' मोडमध्ये लिनक्सला डिस्क न दिसण्याची शक्यता असते. फक्त लिनक्स असेल तर 'एएचसीआय' निवडा. विंडोजही असेल तर जुन्या बोर्डावर होता तोच मोड ठेवा.
- बूट मोड: जुनं लिनक्स 'लेगसी' मोडमध्ये टाकलं असेल तर 'सीएसएम' चालू करा. बऱ्याच नव्या बोर्डांवर हा पर्याय नसतो. तसं असेल तर आधी पायरी ३ आणि ४ करून डेटा वाचवा.
- सिक्युअर बूट: तात्पुरतं बंद करून बघा.

पायरी २: बूट मेनूतून डिस्क निवडा

एफ१२, एफ११ किंवा एफ८ दाबून बूट मेनू उघडा आणि डिस्क निवडा. नोंद नसली तरी यूईएफआय 'ईएफआय/बूट' फोल्डरमधली 'बूटएक्स६४' ही ठरलेली फाइल शोधतं. उबंटू आणि फेडोरा सहसा ही फाइल ठेवतात आणि तिच्यातून हरवलेली नोंद पुन्हा तयार होऊ शकते. कित्येकदा काम इथेच संपतं.

पायरी ३: लाइव्ह पेन ड्राइव्ह बनवा

दुसरा कॉम्प्युटर नाही? मोबाइल आहे ना! अँड्रॉइडवर 'एचड्रॉइड' हे मोफत अ‍ॅप घ्या, लिनक्स मिंटची आयएसओ फाइल डाउनलोड करा आणि ओटीजी केबलने पेन ड्राइव्हवर लिहा. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो, पण त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जाईल. फोन रूट करायची गरज नाही.

पायरी ४: आधी डेटा कॉपी करा

पेन ड्राइव्हवरून मिंट सुरू करा. 'इन्स्टॉल' वर क्लिक करू नका. फाइल मॅनेजरमध्ये तुमची डिस्क उघडा, 'होम' फोल्डरमधल्या फाइल्स बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. आता पुढे काहीही चुकलं तरी प्रोजेक्ट सुरक्षित आहे.

पायरी ५: बूट रिपेअर चालवा

वाय-फाय जोडा. मेनूतल्या 'अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' मध्ये 'बूट रिपेअर' हे टूल मिळेल. 'रेकमेंडेड रिपेअर' वर क्लिक करा. ते ग्रब पुन्हा बसवून हरवलेली नोंद परत करतं. मूळ लिनक्स यूईएफआय मोडमध्ये असेल तर पेन ड्राइव्हही यूईएफआय मोडमध्येच सुरू करा. बूट मेनूत त्याच्या नावाआधी 'यूईएफआय' लिहिलेलं असतं. ही पद्धत उबंटू, मिंट, डेबियनसाठी सोयीची आहे.

सुरू झालं, पण...

- इंटरनेट नाही: नव्या बोर्डावर नेटवर्क कार्डचं नाव बदलू शकतं. डेस्कटॉपवर कनेक्शन नव्याने जोडा. सर्व्हरवर कॉन्फिग फाइलमध्ये नवीन नाव टाका.
- फेडोरा मध्येच अडकतं: ग्रब मेनूतला 'रेस्क्यू' पर्याय निवडा. त्यात जास्त हार्डवेअरचे ड्रायव्हर असतात. आत गेल्यावर 'ड्राकट' ने इनिटरॅमएफएस नव्याने बनवा.
- डिस्क पासवर्ड मागते: आधी टीपीएम चिपमुळे डिस्क आपोआप उघडत असेल, तर ती सोय जुन्या हार्डवेअरसोबत गेली. पासफ्रेज किंवा रिकव्हरी की लागेलच, ती नसेल तर डेटा उघडणार नाही.
- वेबसाइट्स एरर देतात: घड्याळ बघा. नव्या बोर्डावर तारीख चुकीची असू शकते.

आणि मदरबोर्ड अजून बदलायचा असेल, तर दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी करा: बॅकअप घ्या, रिकव्हरी की लिहून ठेवा आणि बायोसमधल्या स्टोरेज व बूट मोडचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा.