श्वानाची ‘खोड’ आणि व्यायाम : परभणी परिसराच्या संदर्भात एक टिपण

शेपटीमागे सतत गरगर फिरणे, पुढचा पाय जखम होईपर्यंत चाटीत राहणे, अशा श्वानवर्तनास मराठीत सामान्यतः ‘खोड’ म्हणतात. खोड ‘मोडावयाची’ असते. म्हणजे या शब्दातच शिक्षेची कल्पना अंतर्भूत आहे. नावावरून उपचार ठरतो. म्हणून या वर्तनाची ऐतिहासिक पार्श्वभूमी पाहणे अगत्याचे आहे.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात ‘सारमेयविनोद’ असे प्रकरणच आहे. तेथील श्वान मृगयेतला, अर्थात धावणारा आहे. परभणी, हिंगोली, नांदेड या भागांत हटकर धनगरांच्या मेंढरांबरोबर राखणीचा श्वान मैलोगणती चालत असे. कारवानी श्वान सशामागे सोडीत. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत श्वानप्रदर्शन भरते, तेही याच परंपरेचे द्योतक होय. या जीवनक्रमात व्यायाम हा निराळा उपचार नव्हता. तो कामातच सामावलेला होता. यावरून पूर्वीच्या श्वानांस हा विकार नव्हताच, असे अनुमान मात्र काढता येणार नाही.

शहरी अंगणात श्वान साखळीस बांधला गेला आणि काम सुटले. धावण्याची प्रवृत्ती मात्र तशीच राहिली. १९९२ मध्ये ज्युडिथ रॅपोपोर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की मानवी मंत्रचळावरील क्लोमिप्रामिन या औषधाने श्वानांचे अतिरेकी चाटणे कमी होते. २०१० मध्ये डोबरमन जातीत या वर्तनाचा आनुवंशिक धागाही आढळला. २०२२ मधील फिनलंडच्या पाहणीत दररोज तासाभराहून कमी व्यायाम मिळणाऱ्या श्वानांत असे वर्तन अधिक दिसले. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे येथे ध्यानी ठेवावयास हवे.

तात्पर्य, व्यायाम हा एकमेव उपाय नव्हे. तो उपचाराचा एक आधार होय. परभणीच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, म्हणून फेरफटका पहाटे व सायंकाळी, ठरल्या वेळी व्हावा; वास घेण्यास, शोधण्यास वाव असावा. जखम झाली वा वर्तन एकाएकी पालटले, तर प्रथम पशुवैद्यास दाखवावे. परभणीत १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मारहाणीने भय वाढते आणि त्याबरोबर विकारही बळावतो. ‘खोड’ म्हटले की हात काठीकडे जातो आणि ‘विकार’ म्हटले की कारणाकडे लक्ष जाते. मुक्या प्राण्याच्या बाबतीत हा शब्दभेद केवळ कोशापुरता राहत नाही.