पोर्तुगीज चर्चचे अंगण आणि गिरणगावचा आराखडा

दादरच्या गोखले रस्त्यावरील पोर्तुगीज चर्च अनेकांना ठाऊक असते ते केवळ बसथांबा म्हणून. मूळ चर्च १५९६ चे. आजची वास्तू मात्र चार्ल्स कोरिया यांची, १९७७ मध्ये पूर्ण झालेली.

नाव ऐकून कमानी शोधणाऱ्याला येथे काँक्रीटची उंच, निमुळती छपरे दिसतात. बंदिस्त चर्च ही थंड युरोपची गरज. मुंबईच्या दमट हवेत अंगण हवे, हा कोरियांचा विचार. म्हणून प्रार्थनागृहे अंगणांत उघडतात आणि तापलेली हवा छपरांतून वर निघून जाते. (छपरातील काचेवरची चित्रे एम. एफ. हुसेन यांची!) मला तर ही वास्तू त्यांच्या गाजलेल्या ‘कांचनजंगा’हूनही सरस वाटते.

१९९६ मध्ये परळ-लालबागच्या गिरण्यांच्या जमिनींचा आराखडा करण्यासाठी शासनाने कोरियांच्याच अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. १९९१ च्या नियमानुसार या जमिनींचा साधारण एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी आणि जवळपास तितकाच परवडणाऱ्या घरांसाठी मिळायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी गिरण्यांच्या आवारातील रिकाम्या जमिनीपुरतीच उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. आराखडा कागदावरच राहिला.