प्रेमकथा कोणी वाचायची? ठाणे-कल्याणच्या वाचनालयांतून दिसणारा मराठी कादंबरीचा इतिहास

१/ वाचनालयातील पुस्तकाच्या अखेरच्या पानावर एक चिठ्ठी डकवलेली असते. पुस्तक परत करण्याच्या तारखांचे शिक्के तिच्यावर एकाखाली एक उमटत जातात. समीक्षाग्रंथांत ज्या लेखकाला दोन ओळीही मिळत नाहीत, त्याच्या कादंबरीवरील ही चिठ्ठी पुष्कळदा काठोकाठ भरलेली असते. मराठी प्रेमकादंबरीला परीक्षणे दोन प्रकारची लाभली: एक छापील आणि दुसरे शिक्क्यांचे. त्या दोहोंचे फारसे कधी जुळले नाही. का जुळले नाही, याचा हा मागोवा.

२/ आरंभ रेल्वेपासून करावा लागतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोहोचले. त्यानंतर दहा वर्षांनी, १८६४ साली, कल्याणात सार्वजनिक वाचनालय स्थापन झाले. मराठी कादंबरीचा जन्मही याच काळातला. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचे, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ सालची. रेल्वे, वाचनालय आणि कादंबरी ही तिन्ही जवळजवळ समवयस्क भावंडे होत.

३/ ‘यमुनापर्यटन’ विधवांच्या दुःस्थितीविषयी होते. त्यापुढील दोन कादंबऱ्यांनी निराळी वाट धरली. सुंदर नायिका, शूर नायक, दुष्टांची कारस्थाने, ताटातूट आणि अखेरीस मीलन, असा त्यांचा घाट. वाचकांना तो आवडला आणि पुढची काही दशके तशाच अद्भुतरम्य कथांची रीघ लागली. पुढील काळातील टीकाकारांनी या कादंबऱ्यांना वास्तवापासून दूर पळणाऱ्या म्हणून बाजूला सारले. परंतु त्या वास्तवापासून दूर का पळत होत्या, याचे उत्तर रिसबूड यांनी स्वतःच देऊन ठेवले होते.

४/ ‘मंजुघोषे’च्या प्रस्तावनेत रिसबूड आपली अडचण सांगतात. तिचा आशय असा, की आपल्या समाजातील विवाहाच्या चालीरीती व इतर काही कारणांमुळे रोजच्या आयुष्यात मन गुंतवील असे काही घडत नाही. जे घडते तेच लिहिले तर ते रंजक होणार नाही. म्हणून रंजक लिहू पाहणाऱ्याला अद्भुताकडे वळावे लागते. वरवर पाहता ही लेखकाची सबब वाटते. नीट पाहिले तर ते एका समाजाचे अचूक निदान आहे.

५/ या निदानाचा पुरावा कल्याणातच सापडतो. ‘मंजुघोषा’ प्रसिद्ध होण्याच्या तीन वर्षे आधी, ३१ मार्च १८६५ रोजी, कल्याणात आनंदीबाई जोशी यांचा जन्म झाला. नवव्या वर्षी त्यांचा विवाह वयाने खूप मोठ्या असलेल्या गोपाळरावांशी झाला. त्या पुढे अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या हे असामान्य होते. विवाहाचे वय मात्र त्या काळी सर्वसामान्य होते. जिथे वधूला वर पाहण्याचे, त्याच्याशी बोलण्याचे, त्याला होकार किंवा नकार देण्याचे वयच आलेले नसे, तिथे प्रेमकथा घडणार कुठे? ती राजवाड्यात आणि अरण्यातच घडू शकत होती.

६/ आनंदीबाईंचे चरित्र लिहिणाऱ्या काशीबाई कानिटकर यांची कहाणीही येथे महत्त्वाची. त्यांचाही विवाह बालवयात झाला. वाचायला त्या लग्नानंतर शिकल्या आणि त्यासाठी घरातील टोमणे त्यांनी सोसले. कोणते पुस्तक वाचावे हा प्रश्न त्यांच्या पिढीतील स्त्रीसाठी दुसरा होता. मुळात वाचावे की नाही, हा पहिला. काशीबाई पुढे स्वतः कादंबरीकार झाल्या. हरि नारायण आपटे यांच्याशी त्यांचा साहित्यविषयक पत्रव्यवहार होता. एका अग्रगण्य कादंबरीकाराने स्त्री वाचकाचे मत गंभीरपणे घ्यावे, ही त्या काळातील लहान घटना नव्हे.

७/ हरिभाऊंनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातून क्रमशः प्रसिद्ध झाली. एक प्रकरण वाचायचे, आठवडाभर थांबायचे, मग पुढचे वाचायचे. यमूचे दुःख वाचकाच्या घरी असे हप्त्याहप्त्याने आले. राजवाड्यातील नायिका मराठी घराच्या माजघरात आली, ती अशा रीतीने. मात्र इथे प्रेमकथेला शोकांत शेवटच मिळाला, कारण माजघर अजून बदललेले नव्हते.

८/ अशा काळात, १ जून १८९३ रोजी, ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालयाची स्थापना झाली. संस्थापकांत विनायक लक्ष्मण भावे आणि विष्णु भास्कर पटवर्धन हे प्रमुख. भावे यांनीच पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिले. प्रतिष्ठा इंग्रजी व संस्कृत ग्रंथांना असताना केवळ मराठी ग्रंथांसाठी संस्था काढणे हे धाडस होते. पाच वर्षांनी, १८९८ साली, मुंबईतही मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले.

९/ या कल्पनेचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. संग्रहाचा निकष ‘भाषा’ हा ठरला, की ज्ञानेश्वरीला जो न्याय तोच चार आण्यांच्या कादंबरीलाही लागू होतो. उत्तम-हीन हा निवाडा संग्राहकाने करायचा नसतो. तो पुढच्या पिढ्यांनी करायचा असतो. समीक्षकाचे काम निवडण्याचे, संग्राहकाचे काम राखण्याचे. प्रेमकादंबरीच्या नशिबी निवडणारे थोडे आले, म्हणून राखणाऱ्यांची गरज अधिक होती.

१०/ निवडणाऱ्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. १९०२ साली इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘कादंबरी’ हा दीर्घ निबंध लिहिला. जगातील थोर कादंबऱ्यांच्या मापाने मराठी कादंबरी मोजली तर ती किती मागे आहे, हे त्यांनी परखडपणे दाखवले. रेनॉल्ड्ससारख्या इंग्रज लेखकांची भाषांतरे व अनुकरणे तेव्हा उदंड होत होती. राजवाड्यांचा संताप अकारण नव्हता. मात्र वाचक त्या पुस्तकांत काय शोधत होता, हा प्रश्न त्यांच्या मापात बसत नव्हता.

११/ विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात माजघर बदलू लागले. मुली महाविद्यालयांत जाऊ लागल्या. १९२९ च्या शारदा कायद्याने विवाहासाठी मुलीचे किमान वय १४ आणि मुलाचे १८ ठरवले. नेमक्या याच वर्षांत ना. सी. फडके यांच्या ‘जादूगार’ (१९२८) आणि ‘दौलत’ (१९२९) या कादंबऱ्या आल्या. नायक-नायिका सुशिक्षित, एकमेकांशी बोलणारे, रुसणारे, निवड करणारे. रिसबूड यांची अडचण साठ वर्षांनी सुटली: मराठी माणसांच्या वर्तमानकाळात प्रेमकथा घडवता येऊ लागली.

१२/ फडके यांच्या पाठोपाठ वाद आला. कादंबरीने रंजन करावे की जीवनाला दिशा द्यावी, म्हणजे ‘कला की जीवन’, हा तो गाजलेला वाद. एका बाजूला फडके, दुसऱ्या बाजूला वि. स. खांडेकर. व्यासपीठांवर आणि मासिकांत पक्ष पडले. वाचनालयात येणारा सभासद मात्र बहुधा या आठवड्यात फडके आणि पुढच्या आठवड्यात खांडेकर नेत असे. खांडेकरांच्या ‘ययाति’ला (१९५९) पुढे ज्ञानपीठ मिळाले, छापील परीक्षण आणि शिक्के यांचे जुळल्याचे ते एक दुर्मीळ उदाहरण.

१३/ खरा हादरा बसला तो १९३३ साली. ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, अविवाहित स्त्रियांची घुसमट त्यात होती. पुस्तकावर गदारोळ उठला, निषेध झाले. लेखिका मालतीबाई बेडेकर आहेत हे पुष्कळ काळ गुप्त राहिले. पुरुष लेखकाने नायिकेच्या सौंदर्याचे वर्णन केलेले समाजाला चालत होते; स्त्रीने स्वतःची इच्छा स्वतःच्या शब्दांत सांगितलेली चालत नव्हती. प्रेमकथेवरील आक्षेप पुष्कळदा वाङ्मयीन भाषेत मांडले गेले, तरी त्यांचे मूळ येथे होते.

१४/ स्वातंत्र्यानंतर दृश्य पुन्हा उपनगरांकडे वळते. गिरगाव-दादरची घरे अपुरी पडू लागली तशी मराठी मध्यमवर्गीय कुटुंबे ठाणे, डोंबिवली, कल्याण येथे स्थिरावली. कचेरीत नोकरी करणाऱ्या स्त्रिया रोज लोकलने मुंबईला जाऊ लागल्या. घरात सासर, कचेरीत साहेब. या दोहोंच्या मधला तासाभराचा प्रवास हाच पुष्कळींचा स्वतःचा वेळ. पर्समधील कादंबरी त्या वेळेची सोबतीण झाली. शं. ना. नवरे यांच्यासारखा मध्यमवर्गीय मनाचा कथाकार डोंबिवलीकर होता, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही.

१५/ सुमती क्षेत्रमाडे, योगिनी जोगळेकर, कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे, ज्योत्स्ना देवधर, चंद्रकांत काकोडकर या नावांना वाचनालयांत सतत मागणी असे. यांतील प्रत्येकाची शैली व दर्जा वेगळा. अर्थकारण मात्र एकच. ठरावीक पगारात कादंबरी विकत घेणे परवडत नसे. महिन्याची वर्गणी परवडे. त्यामुळे अशा कादंबऱ्यांचे मोठे गिऱ्हाईक वाचनालये होती. प्रकाशकाने काय छापायचे, हे काही अंशी वाचनालयाच्या खिडकीपाशी ठरत होते.

१६/ वाचनाचे नियोजनही त्या खिडकीपाशीच होई. हवे असलेले पुस्तक बाहेर असेल तर नाव नोंदवून ठेवायचे. दिवाळीत वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत ठरावीक रक्कम भरायची आणि पुढचे काही महिने अंक बदलून नेत राहायचे. ‘स्त्री’, ‘मेनका’, ‘माहेर’ यांसारखी मासिके रांगेने वाचली जात. “शेवट दुःखी आहे का?” हा प्रश्न पुस्तक परत करणाऱ्या बाईला विचारला जाई आणि तिचे उत्तर हेच परीक्षण ठरे. ते कुठेही छापले गेले नाही, म्हणून वाङ्मयेतिहासात ते नाही.

१७/ याच सुमारास प्रेमकथा न्यायालयात पोहोचली. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘शामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी ठरवले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट १९६९ मध्ये काकोडकर निर्दोष ठरले. समाजाचे मापदंड झपाट्याने बदलत आहेत, आणि केवळ प्रणयाचा किंवा कामभावनेचा उल्लेख म्हणजे अश्लीलता नव्हे, अशी न्यायालयाची भूमिका होती.

१८/ या निकालाचे महत्त्व वाचकांच्या दृष्टीने वेगळेच आहे. कथा श्रेष्ठ आहे असे न्यायालयाने म्हटले नाही. श्रेष्ठ नसलेली कथाही वाचण्याचा अधिकार वाचकाला आहे, एवढाच त्याचा व्यावहारिक अर्थ. समीक्षकाची नापसंती आणि कायद्याची बंदी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले.

१९/ महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्यामुळे सार्वजनिक वाचनालयांना शासकीय मान्यतेची चौकट मिळाली. तिच्या बाहेर, वर्गणीवर चालणारी खासगी वाचनालयेही उपनगरांत फोफावली. डोंबिवलीत पुंडलिक पै यांनी १९८६ साली सुरू केलेली फ्रेंड्स लायब्ररी हे त्यांतील सर्वपरिचित नाव. याच डोंबिवलीत फेब्रुवारी २०१७ मध्ये ९०वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले.

२०/ आज मोबाइलवरील ‘प्रतिलिपि’सारख्या मंचांवर मराठी प्रेमकथा भागाभागांनी प्रसिद्ध होतात. वाचक पुढच्या भागाची वाट पाहतात, खाली अभिप्राय लिहितात, तारे देतात. ‘करमणूक’चा आठवडा आता एका दिवसावर आला आहे. बदल आहे तो एवढाच, की पूर्वी चिठ्ठीवर मुका राहणारा शिक्का आता बोलू लागला आहे. जी मते खिडकीपाशी विरून जात, ती आता जाहीरपणे नोंदली जातात, आणि नोंदवणाऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत.

२१/ मधल्या शंभर वर्षांचे मात्र नुकसान झालेले आहे. जे पुस्तक सर्वांत अधिक हातांतून फिरते, तेच लवकर फाटते. शिवण उसवते, पाने गळतात, नवी आवृत्ती निघत नाही आणि एके दिवशी ते नोंदवहीतून बाद होते. न वाचलेले वैचारिक ग्रंथ कपाटात कोरे राहतात. यामुळे पुढील अभ्यासकाला गतकाळातील मराठी वाचक प्रत्यक्षापेक्षा अधिक गंभीर वाटण्याचा धोका आहे.

२२/ १८६८ साली रिसबूड म्हणाले, की आपल्या आयुष्यात प्रेमकथा घडत नाही. त्यानंतरच्या दीड शतकात ती घडू लागली. त्यात शिक्षण, कायदा, नोकरी आणि रेल्वे यांचा वाटा मोठा. पण निवड करता येते, नकार देता येतो, ही कल्पना असंख्य घरांत प्रथम शिरली ती वाचनालयातून आणलेल्या पुस्तकातून. ठाण्यात किंवा कल्याणात एखाद्या जुन्या वाचनालयात पान निखळलेली कादंबरी हाती आली, तर तिचे शेवटचे पान अवश्य पाहावे. तिथले शिक्के हाही मराठी समाजाचा एक दस्तऐवज आहे.

(समाप्त)