आधी मोहोर, मग फासा

१९९९ साली प्लॅनेट पोकर या संकेतस्थळावर खऱ्या पैशांनी पत्ते खेळले जात. पत्ते पिसण्याचा प्रोग्रॅम एएसएफ सॉफ्टवेअर या कंपनीचा होता, आणि आपलं काम किती चोख आहे हे दिसावं म्हणून तिनं तो सगळ्यांना वाचायला खुला ठेवला होता. रिलायबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीज या अमेरिकी कंपनीतल्या सुरक्षातज्ज्ञांनी तो वाचला. बावन्न पत्त्यांचे क्रम आठावर सदुसष्ट शून्यं इतके होऊ शकतात. हा प्रोग्रॅम मात्र ३२ बिटांच्या एका संख्येपासून सुरुवात करायचा, म्हणजे जास्तीत जास्त ४३० कोटींच्या आत. त्यातही ती संख्या मध्यरात्रीपासून उलटलेल्या मिलिसेकंदांवरून घेतलेली, आणि अख्ख्या दिवसात मिलिसेकंद असतात ८ कोटी ६४ लाख. सर्व्हरच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवलं की उरायचे सुमारे दोन लाख क्रम. हातातले दोन आणि टेबलावर उघडलेले तीन पत्ते त्या दोन लाखांशी ताडून पाहिले की इतरांच्या हातात काय आहे आणि पुढे काय येणार, सगळं कळायचं.

तो निष्काळजीपणा होता. २००७ आणि २००८ मध्ये उघडकीला आलं ते त्याहून वाईट होतं. ॲब्सोल्यूट पोकर आणि अल्टिमेट बेट या दोन ठिकाणी आतल्या माणसांची खाती समोरच्यांचे झाकलेले पत्ते पाहू शकत होती. खेळाडूंनी जुन्या डावांच्या नोंदी चाळून हे हुडकलं. परवाना, तपासनिसाचं प्रमाणपत्र, नावलौकिक या सगळ्यांचा अर्थ शेवटी ‘कुणावर तरी विश्वास ठेवा’ एवढाच होता. पुरावा खेळणाऱ्याच्या हातात नव्हता.

तो हातात देण्याची युक्ती तोवर पंचवीसेक वर्षांची झाली होती, आणि तिचं मूळ त्याहून खूप जुनं होतं. १६७६ मध्ये रॉबर्ट हूकनं स्प्रिंगविषयीचा आपला नियम छापला तो चौदा अक्षरं वर्णक्रमानं लावून. वाचणाऱ्याला काही कळू नये, पण उद्या दुसऱ्या कुणी तोच शोध लावला तर ‘हा माझा आधीचा’ असं सिद्ध करता यावं. १६७८ मध्ये त्यानं उलगडा केला: जेवढा ताण, तेवढं बळ. आधी झाकून जाहीर करायचं आणि नंतर उघडायचं, ही चाल गॅलिलिओनंही वापरली होती.

१९७९ मध्ये एमआयटीतल्या शमिर, रिव्हेस्ट आणि ॲडलमन यांनी विचारलं की पत्त्यांचा कॅटच नसताना दोघं टेलिफोनवर प्रामाणिकपणे पोकर खेळू शकतील का. त्यांनी दाखवलेल्या पद्धतीत पत्त्यांची थोडी माहिती झिरपते, हे लवकरच लक्षात आलं. १९८१ मध्ये मॅन्युएल ब्लम यांनी प्रश्न साधा केला. ॲलिस आणि बॉब यांचा घटस्फोट झाला आहे, दोघं वेगवेगळ्या शहरांत राहतात, आणि गाडी कुणाची हे छापा-काटा करून ठरवायचं आहे, तेही फोनवर. नाणं उडवणारा सांगेल ते दुसऱ्यानं का मानावं? ब्लम यांचं उत्तर मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभं होतं, पण त्याचा गाभा असा: एकानं आपली निवड लाखेनं मोहोर केलेल्या पाकिटात घालून आधी दुसऱ्याच्या हाती द्यायची, दुसऱ्यानं आपला अंदाज सांगायचा, मग पाकीट फोडायचं.

आज ती मोहोर म्हणजे हॅश. एसएचए-२५६ हे अमेरिकी सरकारचं मानक २००२ मध्ये जाहीर झालं. त्यात कितीही लांबीचा मजकूर घातला तरी ६४ चिन्हांची एक ओळ बाहेर पडते. एक अक्षर बदललं की सगळी ओळ बदलते, आणि ओळीवरून मजकुराकडे मागे जाता येत नाही. नुसत्या ‘छापा’ या शब्दाचा हॅश करून मात्र भागत नाही, कारण समोरचा ‘छापा’ आणि ‘काटा’ दोन्हींचे हॅश काढून लगेच ओळखेल. म्हणून त्या शब्दाला एक लांबलचक, अंदाज न येणारी संख्या जोडून मग हॅश काढावा लागतो.

एप्रिल २०१२ मध्ये एरिक व्हूरहीस यांनी सातोशीडाइस सुरू केलं आणि ही युक्ती जुगारात उतरली. प्रत्येक दिवसाच्या गुप्त संख्येचा हॅश आधीच जाहीर केलेला असे. खेळाडू बिटकॉइन पाठवी, त्या व्यवहाराचा क्रमांक आणि ती गुप्त संख्या एकत्र करून ० ते ६५,५३५ मधला आकडा निघे. आकडा ३२,००० च्या खाली येईल अशी पैज असेल आणि तो आला, तर जिंकलात. दिवस संपला की गुप्त संख्या उघड होई आणि कुणीही आपल्या संगणकावर हिशेब पुन्हा करून पाही.

पुढच्या फासे-संकेतस्थळांनी हे नीटस केलं. सीड म्हणजे हिशेबाची सुरुवातीची संख्या: सर्व्हर सीड त्यांचं, क्लायंट सीड तुमचं, आणि दर डावाला एकानं वाढणारा क्रमांक म्हणजे नॉन्स. तिन्हींचा मिळून हॅश काढायचा आणि त्याची पहिली पाच चिन्हं घ्यायची. त्यांतून ० ते १०,४८,५७५ पैकी एक संख्या मिळते. ती दहा लाख किंवा त्याहून मोठी निघाली तर टाकून पुढची पाच चिन्हं घ्यायची. मग दहा हजारांनी भागून उरलेल्या बाकीला शंभरानं भागलं की तो तुमचा फासा, ०.०० ते ९९.९९. ते टाकून देणं महत्त्वाचं आहे. वरचा तुकडा ठेवला असता तर ८५.७५ पर्यंतचे आकडे १०५ वेळा आणि त्यापुढचे १०४ वेळा येऊ शकले असते.

माझ्या मते सगळी भिस्त क्लायंट सीडवर आहे, आणि बहुतेकांचं दुर्लक्ष होतं ते तिथंच. संकेतस्थळाला तुमचं सीड आधी ठाऊक असेल तर ते हजार सर्व्हर सीड तपासून तुम्हाला हरवणारं एक निवडेल आणि मग त्याची मोहोर दाखवेल. पडताळणी बिनचूक जुळेल. म्हणून क्रम सोडायचा नाही: आधी त्यांचा हॅश टिपून घ्यायचा, मग आपलं सीड स्वतः टंकायचं.

२०१४ च्या बस्टाबिट या खेळात सगळे खेळाडू एकच डाव खेळतात, म्हणून एकेकट्याचं सीड चालत नाही. तिथं लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८१ मध्येच पासवर्डसाठी सुचवलेली हॅशची साखळी कामी आली. हॅशचा हॅश, त्याचा पुन्हा हॅश, अशा एक कोटी कड्या आधीच तयार करून शेवटची जाहीर केली, आणि डाव उलट्या दिशेनं खेळले. या डावाच्या कडीचा हॅश काढला की आधीच्या डावाची कडी हाती लागते. चालकांनी सोयीची साखळी निवडली नाही हे दाखवायला त्यांनी बिटकॉइनच्या अजून तयार न झालेल्या ब्लॉकचा हॅश त्यात मिसळायचं आधी जाहीर केलं. दोन्ही पक्षांच्या ताब्याबाहेरचा आकडा मुंबईनंही वापरला आहे. १९६१ पर्यंत इथला आकड्याचा जुगार न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या उघडत्या आणि बंद भावांवर चाले. ते भाव थांबले, मग मटक्यातून चिठ्ठ्या काढायची पाळी आली आणि भरवसा काढणाऱ्या हातावर गेला.

हॅशच्या या पडताळणीनं एवढंच कळतं की पैज लागल्यावर आकडा बदलला नाही. सातोशीडाइस १.९ टक्के आपल्याकडे ठेवी, तो वाटा प्रत्येक चोख डावातूनही जाई. जिंकलेले पैसे मिळतील का, हे हॅश सांगत नाही. भारतात तर २०२५ च्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे, आणि ती मला योग्य वाटते.

युक्ती मात्र जुगारापुरती ठेवण्याचं कारण नाही. २०१९ पासून क्लाउडफ्लेअर, स्वित्झर्लंडमधलं ईपीएफएल आणि चिली विद्यापीठ यांच्यासह काही संस्था मिळून ठरावीक वेळानं एक यादृच्छिक संख्या प्रसिद्ध करतात, आणि ती एकट्या कुणालाच ठरवता येत नाही. म्हाडाच्या घरांची किंवा आरटीई प्रवेशाची सोडत घ्या. अर्जदारांच्या क्रमवार यादीचा हॅश आदल्या दिवशी जाहीर करावा, उद्या दुपारी बाराची संख्या वापरू असं सांगावं, आणि निवडीचं सूत्र संकेतस्थळावर टाकावं. घर न मिळालेला माणूसही मग आपल्या संगणकावर अख्खी सोडत पुन्हा काढून पाहू शकेल.